हशाची मालकी

विनोदी कलावंतांबद्दल आपल्याकडे भरपूर लिहिले जाते. त्यांचा हजरजबाबीपणा, त्यांच्या विनोदामागचे दुःख, त्यांनी कुणाला हसवले आणि कुणाला दुखावले, यांवर पानेच्या पाने भरतात. त्यांना एका प्रयोगाचे किती मिळतात, ते कोण देते, कधी देते आणि बुडवले तर दाद कुठे मागायची, हे मात्र क्वचितच कुणी विचारते. मला हाच प्रश्न आधी विचारावासा वाटतो. मंचावर उभा राहून माणूस काय बोलू धजतो, हे त्याच्या घराचे भाडे कुणाच्या मर्जीवर भरले जाते यावर पुष्कळ अवलंबून असते. म्हणून मार्क मॅरन या अमेरिकन स्टँड-अप कॉमेडियन आणि पॉडकास्टरच्या कारकिर्दीकडे मी या पुस्तकात जमाखर्चाच्या बाजूने पाहिले आहे.

मॅरन हा या धंद्यातला सर्वांत श्रीमंत माणूस नव्हे. जेरी साइनफेल्ड, केव्हिन हार्ट किंवा जो रोगन यांच्या शेजारी त्याची मिळकत लहानच दिसेल. तरीही निवड त्याचीच केली, कारण क्लबमालकाच्या मर्जीवर जगणे, मग टीव्ही-रेडिओवाल्यांच्या मर्जीवर जगणे आणि अखेर स्वतःचे दुकान थाटणे, हे सारे त्याच्या एकट्याच्या आयुष्यात घडले. पंचेचाळिशी उलटेपर्यंत त्याच्याकडे वीस वर्षांहून अधिक काळाचे कसब होते, ओळखी होत्या, टीव्हीवर दिसलेला चेहरा होता. पैसा नव्हता. नंतरच्या काही वर्षांत कसब तेच राहिले, माणूसही बराचसा तोच राहिला. ते कसब विकायची जागा तेवढी त्याची स्वतःची झाली.

सुरुवात लॉस एंजेलिसच्या सनसेट बुलेव्हार्डवरच्या 'कॉमेडी स्टोअर'पासून करायला हवी. १९७२ मध्ये निघालेला हा क्लब पुढे मिट्झी शोर या बाईंच्या ताब्यात आला. रिचर्ड प्रायर, रॉबिन विल्यम्स, डेव्हिड लेटरमन, जे लेनो अशी माणसे तिथे उभी राहत. प्रेक्षक दाराशी पैसे मोजत, आत पेयांचे वेगळे मोजत. पेये आणून देणाऱ्या मुलीला पगार होता, दारावरच्या माणसाला पगार होता. ज्याच्यासाठी लोक आले होते त्या मंचावरच्या माणसाला काही नव्हते. मिट्झी शोर यांची भूमिका अशी, की ही कलावंतांची शाळा आहे. इथे उभे राहायला मिळते, टीव्हीवाल्यांच्या नजरेस पडायला मिळते, तोच मोबदला. १९७९ मध्ये कलावंतांनी संप केला. टॉम ड्रीसन त्यांच्या वतीने बोलत होता. लेनो आणि लेटरमन यांचे बस्तान तोवर बसत आले होते, तरी तेही संपकऱ्यांत उभे राहिले. सुमारे सहा आठवड्यांनी तडजोड झाली आणि दर ठरला, एका सेटला २५ डॉलर. त्यानंतर काही आठवड्यांतच, जूनच्या पहिल्या तारखेला, संपात सामील असलेल्या स्टीव्ह लुबेटकिन या तरुण कलावंताने जीव दिला. संपाचा इतिहास सांगताना त्याचे नाव वगळता येत नाही.

२५ डॉलर ही रक्कम तेव्हाही मोठी नव्हती. पण त्या दिवसापासून 'मंच मिळाला हेच पैसे' हे म्हणणे निदान एका क्लबात खोटे ठरले. मला तो संप या व्यवसायाच्या इतिहासातली कळीची घटना वाटतो. कलावंताला 'प्रसिद्धी मिळेल' असे सांगून फुकट राबवणे आजही सर्रास चालते. फरक एवढाच, की आज तसे सांगणारा क्लबमालक नसून बहुतेक वेळा एखादे ॲप असते.

मॅरन या क्लबाच्या दारावर पोचला तो ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात. दारावर म्हणजे अक्षरशः दारावर: तो तिथे द्वारपाल होता. जन्म १९६३ चा, जर्सी सिटीतला. लहानपण न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्कला गेलेले. शिक्षण बॉस्टन विद्यापीठात. कॉमेडी स्टोअरमध्ये सॅम किनिसन या कलावंताच्या टोळक्यात तो ओढला गेला, कोकेनच्या आहारी गेला आणि अखेर ते शहर सोडून निघाला. पुन्हा उभा राहिला तो बॉस्टनच्या आणि मग न्यू यॉर्कच्या क्लबांमध्ये. व्यसनातून तो १९९९ मध्ये कायमचा सुटला. या धंद्यात रात्र हीच कामाची वेळ, दारूचा गुत्ता हीच कामाची जागा आणि पैशांऐवजी पेये हा कधीकधी मोबदलाही. तेव्हा व्यसनाचा प्रश्न हिशेबाच्या प्रश्नापासून फार दूरचा नाही.

अमेरिकेत या कलेची एक ठरलेली शिडी आहे. सर्वांत खाली 'ओपन माइक'. तिथे कुणीही नाव नोंदवून पाच मिनिटे उभे राहावे, पैसे नाहीत. काही क्लब तर ठरावीक प्रेक्षक स्वतः घेऊन येणाऱ्यालाच ती पाच मिनिटे देतात. म्हणजे नवशिक्याने मित्रांना, नातेवाइकांना तिकिटे काढायला लावायची, आत गेल्यावर त्यांनी किमान दोन पेये घ्यायची, आणि क्लबाचा गल्ला भरायचा. त्यावरची पायरी कार्यक्रमाचे सूत्र सांभाळणाऱ्याची. मग वीस-तीस मिनिटे रंगवणारा 'फीचर' आणि सगळ्यांत वर पाऊण ते एक तास पेलणारा 'हेडलायनर'. हेडलायनरशी करार होतो तो ठरलेल्या रकमेचा किंवा तिकीटविक्रीतल्या हिश्शाचा. त्यातून एजंटचे दहा टक्के जातात, मॅनेजरचे दहा-पंधरा. स्वयंरोजगार करणारा म्हणून १५.३ टक्के सामाजिक सुरक्षेचा आणि आरोग्याचा कर वेगळा, प्राप्तिकर त्याहून वेगळा. प्रवास, मुक्काम, जेवण बऱ्याचदा स्वतःच्या खिशातून. आरोग्यविमा हवा तर कलावंतांच्या संघटनेमार्फत मिळतो, पण त्यासाठी वर्षाकाठी टीव्ही-चित्रपटांतून किमान ठरावीक कमाई दाखवावी लागते, आणि क्लबातली कमाई त्यात धरत नाहीत. वर्षाचे दोनशे दिवस घराबाहेर राहणारा आणि लोकांना रोज हसवणारा माणूस आजारी पडल्यावर उघड्यावर असू शकतो, हे वाचकाने ध्यानात घ्यावे.

त्यातच या मालाचे स्वरूप विचित्र आहे. गायकाचे गाणे जितके ऐकलेले तितके लोक अधिक आवडीने मागतात. विनोदाचे तसे नाही. एक तासाचा चांगला मजकूर तयार व्हायला वर्ष-दीड वर्ष लागते. तो रात्रीमागून रात्री अनोळखी माणसांसमोर घासूनपुसून तयार होतो. आणि एकदा टीव्हीवर दाखवला की संपतो. टीव्हीवर गेल्याशिवाय तिकिटे खपत नाहीत, आणि टीव्हीवर गेले की विकायचा माल हातातून जातो. ऐंशीच्या दशकात अमेरिकेत गावोगाव कॉमेडी क्लब निघाले आणि नव्वदीच्या सुरुवातीला त्यांतले पुष्कळ बंदही पडले. घरबसल्या केबलवर फुकट हसायला मिळू लागल्यावर दोन पेयांची सक्ती सोसून क्लबात जायला लोक कंटाळले, हे त्याचे एक मोठे कारण.

मराठी वाचकाला यातले बरेच ओळखीचे वाटेल. आपल्या व्यावसायिक रंगभूमीवर नट 'नाइट'वर काम करतो. प्रयोग झाला तर नाइट, रद्द झाला तर हात हलवत घरी. गावोगावचे कंत्राटदार प्रयोग विकत घेतात, सुपारीच्या प्रयोगांवर वर्षाचे गणित बसते. एकट्याने मंच पेलणाऱ्यांची परंपराही आपल्याकडे जुनी आहे. पु. ल. देशपांड्यांनी साठच्या दशकात 'बटाट्याची चाळ' एकट्याने उभी केली, लोकांनी नाट्यगृहे भरून टाकली. त्या यशाच्या मागे त्यांच्या पत्नी सुनीताबाईंची व्यवहाराची शिस्त होती, हक्कांबद्दलची दक्षता होती, आणि म्हणूनच त्या मिळकतीतून प्रतिष्ठान उभे राहून 'मुक्तांगण' व्यसनमुक्ती केंद्रासारख्या कामांना देणगी देता आली. सुनीताबाईंच्या काटेकोरपणाबद्दल कुरकूर करणारे पुष्कळ भेटतात. मला तो काटेकोरपणा मराठी कलाव्यवहारातली दुर्मीळ आणि अनुकरणीय गोष्ट वाटते. दुसरीकडे लक्ष्मण देशपांडे. 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मधली ५२ पात्रे एकट्याने रंगवणाऱ्या या माणसाने विद्यापीठातल्या नाट्यशास्त्र विभागातली प्राध्यापकी सांभाळून देशोदेशी प्रयोग केले. महिन्याचा पगार पाठीशी असलेला कलावंत आणि नुसत्या नाइटवर जगणारा कलावंत यांची जोखीम सारखी नसते. मॅरनच्या पाठीशी असा पगार नव्हता.

नव्वदच्या दशकात आणि त्यानंतरही त्याने जे जे करायचे असते ते ते केले. कॉमेडी सेंट्रल वाहिनीवर सूत्रसंचालन केले, कोनन ओब्रायनच्या रात्रीच्या कार्यक्रमात चाळीसहून अधिक वेळा हजेरी लावली, २००० साली 'जेरुसलेम सिंड्रोम' हा एकपात्री प्रयोग न्यू यॉर्कच्या ऑफ-ब्रॉडवे रंगभूमीवर केला. 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या टीव्ही-कार्यक्रमासाठी त्याचा निर्माता लॉर्न मायकल्स याने त्याला भेटायला बोलावले, काम दिले नाही. ती भेट पुढे वीस वर्षे त्याच्या डोक्यातून गेली नाही. धंद्यातले लोक त्याला मानत. पण त्याच्या नावावर तिकिटे खपत नव्हती, आणि क्लबमालकाला मोजायची असतात ती तिकिटेच. इतरांना यश मिळताना पाहून त्याचा जळफळाट होई, हे त्याने स्वतःच जाहीरपणे आणि पुन्हापुन्हा सांगितले आहे. त्या मत्सरात मला स्वभावदोषापेक्षा व्यवस्थेचे प्रतिबिंब जास्त दिसते. दहा जणांतून एकाला टीव्हीमालिका आणि बाकी नऊ जणांना काहीच नाही, अशी रचना असली की मैत्रीत विष कालवले जाणारच.

२००४ मध्ये 'एअर अमेरिका' हे उदारमतवादी विचारांचे रेडिओ नेटवर्क सुरू झाले. मॅरन तिथे सकाळचा 'मॉर्निंग सेडिशन' हा कार्यक्रम करू लागला. भल्या पहाटे उठून रोज तासन् तास बोलायचे, हे त्याच्यासाठी नवे शिक्षण होते. ब्रेंडन मॅक्डॉनल्ड हा तरुण निर्माता त्याला तिथेच भेटला. २००५ संपता संपता तो कार्यक्रम बंद झाला, पुढल्या वर्षी कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. मॅरनला पुन्हा बोलावण्यात आले ते सॅम सीडरबरोबर 'ब्रेकरूम लाइव्ह' करायला. २००९ च्या उन्हाळ्यात तेही बंद पडले. याच सुमारास त्याचे दुसरे लग्न मोडले होते आणि घटस्फोटात गाठीचा पैसा गेला होता. आत्महत्येचे विचार त्या दिवसांत मनात येत, असे त्याने नंतर सांगितले आहे. नोकरी गेली तरी कचेरीच्या दाराची कार्डे अजून चालत होती. रात्री इमारत रिकामी झाली की मॅरन आणि मॅक्डॉनल्ड स्टुडिओत शिरत आणि रेकॉर्डिंग करत. १ सप्टेंबर २००९ ला 'डब्ल्यूटीएफ विथ मार्क मॅरन' या पॉडकास्टचा पहिला भाग निघाला. एअर अमेरिका पुढल्या जानेवारीत कायमची बंद झाली. मॅरन तोवर लॉस एंजेलिसमधल्या हायलँड पार्क वस्तीतल्या आपल्या घराच्या गॅरेजात बसून, दर सोमवारी आणि गुरुवारी, लोकांशी बोलू लागला होता.

इथून हिशेब बदलतो, आणि इथे मी वाचकाला थोडे थांबायला सांगेन. पॉडकास्टला लागणारे भांडवल अगदी थोडे: दोन चांगले माइक, एक संगणक, ध्वनिफिती साठवण्याचे मासिक भाडे. परवाना नको, वेळेचा स्लॉट नको, कुणाची मंजुरी नको. जाहिरातीचा दर ठरतो हजार डाउनलोडमागे. उदाहरणादाखल धरू, की एका भागाला एक लाख डाउनलोड आहेत, हजारी दर २० डॉलर आहे आणि भागात तीन जाहिराती आहेत. भागाचे झाले ६,००० डॉलर. आठवड्याला दोन भाग धरले तर वर्षाचे १०४, म्हणजे ६,२४,००० डॉलर. जाहिरात मिळवून देणाऱ्याची दलाली यातून वजा करायची, आणि सगळ्याच जागा विकल्या जात नाहीत हेही धरायचे. हेच गणित हजार श्रोत्यांवर मांडून पाहा. भागाचे ६० डॉलर होतात, आणि हजार श्रोत्यांसाठी जाहिरातदार मुळात येतच नाही. मधल्या टप्प्यावर, पाच-दहा हजार श्रोत्यांवर, माणूस खरोखर अधांतरी असतो: काम पूर्ण वेळाचे, मिळकत अर्ध्या वेळाचीही नाही. पॉडकास्टमुळे कुणीही श्रीमंत होऊ शकतो, असे सांगणारे लोक हा मधला टप्पा नेहमी गाळतात.

डब्ल्यूटीएफचा पहिला काळ श्रोत्यांच्या देणग्यांवर, टी-शर्टांच्या विक्रीवर आणि तुरळक जाहिरातींवर गेला. आरंभीच्या जाहिरातदारांत विस्कॉन्सिनमधली 'जस्ट कॉफी' ही सहकारी संस्था होती. मॅरन भागाच्या सुरुवातीला स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या ढंगात तिची जाहिरात करी. पॉडकास्टच्या अर्थकारणाचे मर्म इथे आहे. रेडिओवरची जाहिरात आली की ऐकणारा आवाज कमी करतो; पण आपल्या घटस्फोटाबद्दल, आपल्या मांजरांबद्दल, आपल्या बापाशी झालेल्या भांडणाबद्दल जो माणूस दहा मिनिटे बोलला, त्यानेच 'ही कॉफी मी पितो' म्हटले तर ऐकणारा ऐकून घेतो. विकला जातो तो विश्वास. आणि तो एकदा गमावला तर ना प्रायोजक उरतो, ना श्रोता.

जुन्या भागांचे त्याने काय केले, तेही पाहण्यासारखे आहे. ताजे ५० भाग सर्वांना फुकट, त्याआधीचे ऐकायचे तर पैसे भरा. या एका निर्णयाने मागे पडलेले काम मिळकतीची जिंदगी बनले. क्लबात केलेला सेट त्या रात्री संपतो. एअर अमेरिकावरचा कार्यक्रम कंपनीचा होता, कंपनी बुडाली की तोही गेला. पॉडकास्टचा दर नवा भाग मात्र मॅरन आणि मॅक्डॉनल्ड यांच्या मालकीच्या साठ्यात भर घालत होता. तो साठा त्यांनी कुणाला विकून टाकला नाही.

पैशांची दुसरी वाट मंचाकडे परत जाणारी होती, आणि मला तीच अधिक आनंदाची वाटते. ज्याच्या नावावर तिकिटे खपत नव्हती त्याच्यासाठी आता गावोगाव असे लोक होते, जे आठवड्यातून दोनदा त्याचा आवाज कानात घेऊन फिरत होते. क्लब भरू लागले, मग नाट्यगृहे भरू लागली. २०१३ मध्ये आयएफसी वाहिनीवर त्याच्याच आयुष्यावर बेतलेली 'मॅरन' ही मालिका आली आणि चार हंगाम चालली. त्याच वर्षी आत्मकथनपर पुस्तक निघाले. नंतर नेटफ्लिक्सच्या 'ग्लो' मालिकेतली भूमिका, नेटफ्लिक्स आणि एचबीओसाठी एक-एक तासाचे कार्यक्रम. जी दारे वीस वर्षे ठोठावून उघडली नव्हती ती आता आतून उघडली जात होती. २०१५ मध्ये लॉर्न मायकल्स स्वतः त्याच्याशी बोलायला बसला.

पॉडकास्टमधल्या संभाषणांच्या दर्जाबद्दल पुस्तकात सविस्तर येईलच. इथे दोनच सांगतो. २०१० मध्ये मॅरनने रॉबिन विल्यम्सची त्याच्या घरी जाऊन मुलाखत घेतली. व्यसन, नैराश्य, मृत्यू यांवर विल्यम्स इतका उघडपणे आणि इतक्या हळुवारपणे क्वचितच कुठे बोलला असेल. २०१४ मध्ये विल्यम्स गेल्यावर ती मुलाखत लोकांनी नव्याने ऐकली, आणि २०२२ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ती राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतली. जून २०१५ मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा त्या गॅरेजात येऊन बसले. चार्ल्सटनच्या चर्चमधल्या हत्याकांडाला तेव्हा दोनच दिवस झाले होते. एखाद्या राष्ट्राध्यक्षाला देशाशी बोलायला हे गॅरेज टीव्हीच्या स्टुडिओइतकेच योग्य वाटावे, ही साधी गोष्ट नव्हे.

मॅरन एकटाच ही वाट चालत होता असे नाही. त्याचा जुना मित्र लुई सी. के. याने डिसेंबर २०११ मध्ये आपला एक तासाचा कार्यक्रम कोणत्याही वाहिनीला न देता स्वतःच्या संकेतस्थळावर ५ डॉलरला विकला. बारा दिवसांत दहा लाख डॉलर जमले, आणि त्यांची वाटणीही त्याने जाहीर केली: अडीच लाख निर्मितीचा आणि संकेतस्थळाचा खर्च, अडीच लाख सहकाऱ्यांना, २,८०,००० धर्मादाय संस्थांना, उरलेले स्वतःला. हिशेब असा उघड मांडलेला पाहून त्या वेळी अनेक तरुण कलावंतांना धीर आला. २०१७ मध्ये पाच महिलांनी त्याच्या लैंगिक गैरवर्तनाबद्दल तक्रारी केल्या आणि त्या खऱ्या असल्याचे त्याने मान्य केले. स्वतःचे दुकान असले की वरिष्ठांचा जाच संपतो हे खरे. पण ज्यांचे काम आता आपल्या शब्दावर अवलंबून आहे त्यांच्याशी आपण कसे वागतो, हा प्रश्न तिथून पुढे सुरू होतो. या व्यवसायात स्त्रियांनी मोजलेली किंमत कुठल्याच ताळेबंदात दिसत नाही, म्हणून तिच्यासाठी या पुस्तकात स्वतंत्र प्रकरण ठेवले आहे.

मग मोठे भांडवल आले. अमेरिकेतल्या पॉडकास्ट जाहिरातींची वर्षाची उलाढाल २०२१ मध्ये प्रथमच एक अब्ज डॉलरच्या वर गेली. त्याआधी २०२० मध्ये स्पॉटिफायने जो रोगनचा पॉडकास्ट फक्त आपल्याकडे ऐकायला मिळेल असा करार केला. रक्कम १० कोटी डॉलरहून अधिक असल्याच्या बातम्या आधी आल्या, नंतर ती २० कोटींच्या घरात असल्याचे छापून आले. २०२४ च्या नव्या करारात मात्र 'फक्त आपल्याकडे' ही अट उरली नाही. रोगनने त्याआधीच, २०२३ मध्ये, ऑस्टिनमध्ये स्वतःचा क्लबही काढला होता. या आकड्यांनी डोळे दिपतात, आणि दिपलेल्या डोळ्यांना त्याच धंद्यातले हजारो लोक दिसत नाहीत.

त्या हजारोंसाठी लढा वेगळाच आहे आणि तो हक्कांचा आहे. इंटरनेटवरच्या सेवांवर गाणे वाजले की दोघांना पैसे मिळतात: ज्याने ध्वनिमुद्रण केले त्याला, आणि ज्याने गाणे लिहिले-रचले त्यालाही. विनोदाचे ध्वनिमुद्रण वाजले तर फक्त पहिला वाटा मिळतो. ते शब्द लिहिल्याचा वाटा कुणी देत नव्हते. हा वाटा मागण्यासाठी कलावंतांच्या वतीने संस्था उभ्या राहिल्या. २०२१ च्या अखेरीस वाटाघाटी फिसकटल्यावर स्पॉटिफायने अनेक नामवंतांचे विनोदी अल्बम काढून टाकले. पुढल्या फेब्रुवारीत पँडोरा या कंपनीवर खटले भरले गेले. दावे लावणाऱ्यांत रॉबिन विल्यम्स आणि जॉर्ज कार्लिन यांचे वारस होते. विनोद हे लेखन आहे, असे न्यायालयात सांगावे लागते याचे मला मनापासून वाईट वाटते. एकेका शब्दाची जागा बदलून, एकेक श्वास मोजून जे महिनोन्‌महिने घडवले जाते ते लेखन नाही तर काय आहे?

आपल्याकडे ही कला या रूपात उशिरा आली. लंडनच्या कॉमेडी स्टोअरची शाखा २०१० मध्ये मुंबईच्या लोअर परळला उघडली आणि इंग्रजी-हिंदी कलावंतांची एक पिढी तिथे तयार झाली. मराठीत २०१६ पासून 'भाडिपा'ने यूट्यूबवर प्रेक्षक जमवून मग त्यांना नाट्यगृहाकडे वळवले. गॅरेजातून मंचाकडे जाणारी मॅरनची वाट आणि ही वाट बरीच सारखी आहे. पण जागा मोजक्याच आहेत. मार्च २०२५ मध्ये स्टँड-अप कलावंत कुणाल कामराच्या कार्यक्रमाची चित्रफीत आल्यावर शिवसेनेच्या शिंदे गटाच्या कार्यकर्त्यांनी खारच्या 'हॅबिटॅट' या क्लबाची तोडफोड केली आणि ती जागा बंद ठेवण्याची वेळ आली. कामराकडे स्वतःचा प्रेक्षक आहे, यूट्यूब आहे. ज्या नवशिक्यांना त्या मंचावर पाच मिनिटे मिळत होती त्यांच्याकडे दुसरे काही नव्हते. शिडीची सर्वांत खालची पायरी तुटली की वर कुणीच पोचत नाही, आणि म्हणून त्या तोडफोडीचे नुकसान मला एका क्लबापुरते वाटत नाही.

मे २०२० मध्ये मॅरनची जोडीदार, दिग्दर्शिका लिन शेल्टन, अचानक गेली. काही दिवसांतच तो माइकसमोर बसला आणि रडत बोलला. आठवड्याला दोन भाग हा नेम सोळा वर्षे चालला. जून २०२५ मध्ये त्याने आणि मॅक्डॉनल्डने थांबायचे ठरवल्याचे सांगितले. धंदा बुडत नव्हता, प्रायोजक पळाले नव्हते. दोघे थकले होते आणि समाधानी होते. १३ ऑक्टोबर २०२५ ला शेवटचा, १६८६ वा भाग निघाला. पाहुणे पुन्हा ओबामाच होते, या खेपेला मॅरन त्यांच्या कार्यालयात गेला. चालता कार्यक्रम आपल्या मनाने बंद करता येणे, हेही मालकीचेच फळ आहे. त्याचे आधीचे सगळे कार्यक्रम दुसऱ्या कुणीतरी बंद केले होते.

आकड्यांबद्दल दोन शब्द. रकमा मी डॉलरमध्येच ठेवल्या आहेत. १९७९ च्या २५ डॉलरचे आजच्या रुपयांत रूपांतर करून आकडा मिळतो, पण त्या पैशांत त्या वर्षी सनसेट बुलेव्हार्डवर राहणाऱ्या माणसाचे काय भागत होते ते कळत नाही. म्हणून जिथे शक्य झाले तिथे त्या काळचे घरभाडे आणि जेवणाचे दर सोबत दिले आहेत. करारांच्या ज्या रकमा दोन्ही बाजूंनी जाहीर केलेल्या नाहीत त्या वृत्तपत्रांच्या हवाल्याने दिल्या असून तसे प्रत्येक ठिकाणी म्हटले आहे. मॅरनच्या खासगी संपत्तीचे जे अंदाज इकडेतिकडे छापले जातात ते मी घेतलेले नाहीत. त्याने स्वतः जे सांगितले आणि जे सार्वजनिक नोंदीत आहे तेवढ्यावरच हा हिशेब उभा आहे.